हाफ तिकीट कधी संपतं?

आमच्या कर्वेनगरातल्या सलूनमध्ये खुर्चीच्या दोन हातांवर आडवी टाकायची एक फळी आहे. रेक्झिन चढवलेली, कडेला फाटून आतला स्पंज दिसणारी. लहान मूल आलं की फळी खुर्चीवर चढते, मूल फळीवर चढतं आणि त्याचं डोकं कात्रीच्या उंचीला येतं. २०२५ च्या जुलैमधल्या एका रविवारी मी तिथे नंबर लावून बसलो होतो. फळीवर सात-आठ वर्षांचा एकजण मान खाली घालून बसला होता. टीव्हीवर कल्याणीनगरच्या प्रकरणाची चर्चा चालू होती. "सतरा वर्षांचा घोडा, आणि म्हणे बालक!" बाकावरचे काका म्हणाले. दाढी करून घेणाऱ्याने फेसातूनच दुजोरा दिला.

प्रकरण पुणेकरांना ठाऊक आहे, तरी दोन ओळी. १९ मे २०२४ च्या पहाटे भरधाव मोटारीची दुचाकीला धडक बसली आणि दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी चालवल्याचा आरोप असलेला मुलगा सतरा वर्षांचा. बाल न्याय मंडळाने त्याला जामीन दिला, त्यात अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती, आणि शहर संतापलं. त्याला प्रौढ धरून खटला चालवा, असा अर्ज पोलिसांनी केला. जुलै २०२५ मध्ये मंडळाने तो फेटाळला.

खटल्याचं जे व्हायचं ते न्यायालयात होईल. मला त्या काकांचा प्रश्न सुटत नव्हता. घोडा की बालक? मुलगा मोठा होतो म्हणजे नेमकं काय होतं, आणि ते कुणी ठरवायचं? डॉक्टरने, वकिलाने, भटजीने, की कंडक्टरने?

घड्याळ एक नाही

गोंधळ होतो तो मोठं होणं ही एकच गोष्ट आहे असं धरून चालल्यामुळे. मुलाच्या अंगात निदान दोन घड्याळं असतात आणि बाहेर आणखी दोन, एक कायद्याचं, एक घरचं. चारही वेगवेगळ्या वेगाने चालतात.

शरीराचं घड्याळ सगळ्यात उघड. साधारण नऊ ते चौदा या वयात कधीतरी मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी वृषणांना इशारे देऊ लागते आणि टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं. स्वरयंत्र मोठं होतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. मग काही महिने पोराचा आवाज एका वाक्यात बापासारखा आणि दुसऱ्यात मांजरासारखा निघतो. आवाज फुटला, मिसरूड फुटलं. मराठीत या वयात सगळं फुटतंच, शिंगंसुद्धा.

मेंदूचं घड्याळ मात्र मागे असतं. थरार, बक्षीस, मित्रांची वाहवा यांनी पेटणारा मेंदूचा आतला भाग वयात येताना झपाट्याने तेज होतो. कपाळामागचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, ज्याचं काम 'थांब, पुढे काय होईल बघ' असं सांगण्याचं, तो विशीच्या मध्यापर्यंत पक्का होत राहतो. नवा फ्लॅट डोळ्यापुढे आणा. मीटर जोडून झालाय, खोल्याखोल्यांत करंट खेळतोय, पण एमसीबीचा, म्हणजे लोड वाढला की करंट तोडणाऱ्या खटक्यांचा, बोर्ड अजून अर्धाच बसलाय. दिवा लागतो, पंखा फिरतो, कुठे काही अडत नाही. एखाद्या संध्याकाळी गीझर, इस्त्री आणि ओव्हन एकदम चालू होतात तेव्हा कळतं काय राहिलंय ते.

ते 'एकदम' महत्त्वाचं. अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. किशोरवयीन मुलं, कॉलेजवयाची मुलं आणि मोठी माणसं अशा तीन गटांना गाडी चालवण्याचा कॉम्प्युटर गेम दिला. एकटं असताना तिन्ही गट साधारण सारखाच धोका पत्करत होते. शेजारी मित्र बसवले तेव्हा किशोरांचा धोका पत्करणं फार वाढलं, मोठ्यांना फारसा फरक पडला नाही. म्हणजे सोळा वर्षांच्या मुलाला धोका कळत नाही, असं नाही. थंड डोक्याने विचारलंत तर तो तुमच्याइतकंच शहाणं उत्तर देईल. डोकं तापलेलं असताना, चार मित्र मागच्या सीटवर असताना, तेच शहाणपण वेळेवर पोहोचत नाही.

मेंदूचे फोटो काढायची सोय नव्हती तेव्हापासून आपल्याकडे या सगळ्याला एक शब्द आहे: गद्धेपंचविशी. आकडा पाहा. पंचविसाव्या वाढदिवसाला खटका पडून माणूस शहाणा होतो असं विज्ञान म्हणत नाही, आपल्या आजी-आजोबांनीही म्हटलं नव्हतं. पण अंदाज जवळचा होता.

कायद्याला तारीख लागते

कायद्याला मात्र असं 'साधारण', 'हळूहळू' चालत नाही. त्याला तारीख हवी. आणि तारखेची आपल्याकडची गंमत तर विचारूच नका. एका पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस १ जून असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तोच लिहिला.

तारखाही एक नाही. पन्नास सीसीपर्यंतची बिनगिअरची दुचाकी सोळाव्या वर्षी, बाकी खासगी वाहनं अठराव्या. मतदान अठराव्या वर्षी, तेही १९८९ पासून, त्याआधी एकविसाव्या. मुलग्याचं लग्न एकविसाव्या. महाराष्ट्रात कडक दारूसाठी पंचवीस पूर्ण लागतात. म्हणजे आमदार निवडायला अठरा पुरतात, नवरा व्हायला एकवीस लागतात आणि व्हिस्कीच्या पेगला पंचवीस. या क्रमात कुणाला कशाची भीती वाटते ते चांगलं दिसतं.

गुन्ह्याच्या बाबतीत रेघ अनेकदा हलली आहे. १९८६ च्या कायद्यात मुलगा सोळापर्यंत बालक होता, मुलगी अठरापर्यंत. २००० च्या कायद्याने दोघांनाही अठरा केलं. २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर देश हादरला, आणि २०१५ च्या कायद्यात सोळा ते अठरा या पट्ट्यासाठी एक खिडकी उघडली. गुन्हा 'जघन्य' असेल, म्हणजे त्याला किमान सात वर्षांची शिक्षा असेल, तर मंडळाने प्राथमिक मूल्यांकन करायचं. हे मूल्यांकन म्हणजे दोष ठरवणं नव्हे. त्यात बघायचं असतं की हा गुन्हा करण्याची मानसिक-शारीरिक क्षमता मुलाकडे होती का, परिणाम त्याला समजत होते का आणि तो कोणत्या परिस्थितीत घडला. शब्द 'किमान' आहे, हे विसरू नका. कमाल शिक्षा कितीही मोठी असो, किमान सात वर्षांची तरतूद नसेल तर तो गुन्हा या व्याख्येत बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. काकांच्या संतापातलं निम्मं न समजणं या एका शब्दापाशी आहे.

"महाराजांनी सोळाव्या वर्षी तोरणा घेतला!"

हा आक्षेप आल्याशिवाय आपल्याकडे ही चर्चा पूर्ण होत नाही. ज्ञानेश्वरांनी त्याच वयाच्या आसपास ज्ञानेश्वरी सांगितली, हेही पाठोपाठ येतं. शिवाय सोळाव्या वर्षापासून मुलाला मित्र माना, असं सांगणारं संस्कृत सुभाषित दर फादर्स डेला फॉरवर्ड होतंच.

मी उत्तराला शनिवारवाड्यात जातो. माधवराव १७६१ मध्ये पेशवे झाले तेव्हा सोळा वर्षांचे होते, पानिपत नुकतंच झालेलं. सोळा वर्षांचा मुलगा राज्य उभं करू शकतो याचं याहून चांगलं उदाहरण नाही. पण गादीवर बसले तेव्हा कारभार पाहायला काका राघोबादादा होते, आणि त्या काकांशी झगडण्यातच माधवरावांची बरीच शक्ती गेली. १७७२ मध्ये ते गेले आणि धाकटे नारायणराव गादीवर आले, सतराव्या वर्षी. ऑगस्ट १७७३ मध्ये त्याच वाड्यात त्यांचा खून झाला. त्यांचं नाव घेऊन मात्र सोळाव्या वर्षाचा दाखला कुणी देत नाही.

जुन्या काळी मुलं लवकर मोठी व्हायची असं नाही. त्यांना कामं लवकर मिळायची. आधी नांगर, दुकान, तलवार, बायको, आणि मागून शहाणपण. ते येईपर्यंत चार मोठी माणसं आजूबाजूला. चांगली वाईट, पण असायची. आता कामाचं वय पंचवीस-तीसवर गेलंय आणि गाडीची किल्ली मात्र पंधराव्या वर्षीच हुकावर लटकलेली दिसते.

मुंज आणि मुंजा

'इथून पुढे हा मोठा' असं जाहीर करायची सोय बहुतेक समाजांनी केली आहे. आर्नोल्ड व्हान गेनेप या अभ्यासकाने १९०९ मध्ये अशा विधींचे तीन टप्पे सांगितले: जुन्यातून तोडणं, मधला उंबरठा, नव्यात सामावून घेणं.

मुंजीत हे तिन्ही टप्पे जसेच्या तसे सापडतात. मातृभोजनात बटू आईबरोबर एका ताटात शेवटचं जेवतो, हे तोडणं. मग लंगोटी, दंड, झोळी, 'भवति भिक्षां देहि'. हा उंबरठा, धड घरचा नाही धड बाहेरचा नाही. आणि शेवटी सोडमुंज, म्हणजे परत संसाराच्या वाटेवर. हल्ली सगळं एका सकाळीत कार्यालय रिकामं करायच्या आत उरकतात, आणि संध्याकाळी बटू मोबाइलवर गेम खेळत असतो.

उंबरठ्यावरच जो मेला, त्याचं काय होतं हे मात्र लोकांनी पक्कं ठरवलंय. मुंज झाली पण सोडमुंजीआधी गेला, तो मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. व्हान गेनेपला याहून नेमकं उदाहरण मिळालं नसतं. मधल्या अवस्थेत अडकलेला मुलगा म्हणजे भूत! पुण्याच्या पेठांमध्ये तर त्याच्या नावाचा बोळ आहे, मुंजाबाचा बोळ. तिकडे शेवटी येऊ.

मुंज काही जातींतल्या मुलग्यांपुरतीच. बाकीच्यांचं भटजीवाचून कुठे अडलं नाही. आमच्या पिढीचे विधी वेगळेच होते: न्हाव्याने फळी काढली तो दिवस. आठवीत चड्डीची फुल पँट झाली तो. आणि एसटीतलं हाफ तिकीट संपलं तो.

यात कादंबरीचं काय काम?

आता मी ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तिथे येतो.

जर्मनीत गटेची 'विल्हेल्म माइस्टर' ही कादंबरी १७९५-९६ मध्ये आली. व्यापाऱ्याचा मुलगा नाटकाच्या नादी लागतो, भटकतो, चुकतो, आणि शेवटी जगात आपली जागा शोधतो. पुढे अशा कादंबऱ्यांना 'बिल्डुंग्जरोमान' नाव पडलं. आपण घडणीची कादंबरी म्हणू. तिचा मूळ साचा आश्वासक आहे. मुलगा घर सोडतो, ठेचकाळतो, आणि समाजाने त्याच्यासाठी ठेवलेल्या खुर्चीत येऊन बसतो.

मराठीत ती खुर्ची बहुधा सापडत नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'त (१९६३) पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला शिकायला येतो. हॉस्टेल, कॉलेज, मित्र, बापाच्या पैशांचा चुराडा, धाकट्या बहिणीचा देवीने मृत्यू. आणि शेवटी तो गावी परत जातो, काही न होता. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'त (२००४) आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद शेवटी एकटा उरतो, मित्र पांगलेले, आवडलेली मुलगी गाव सोडून गेलेली, समोर दहावी. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' या सिनेमात (२०१३) जब्याच्या हातात शेवटी दगड असतो. तो दगड आपल्याच, बघणाऱ्यांच्या, दिशेने येतो.

या गोष्टींची एक युक्ती आहे. साने गुरुजींचा श्याम घ्या. 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये लिहिली गेली. त्यात विहिरीत उडी मारायला भिऊन लपून बसलेला मुलगा आहे आणि त्याला मारून बाहेर काढणारी आई आहे, पण सांगतोय मोठा झालेला श्याम. एकाच तोंडून दोन वयं बोलतात. मुलाला जे तेव्हा कळलं नाही ते मोठ्याला कळलंय, आणि मधलं अंतर वाचकाच्या हातात येतं. प्राथमिक मूल्यांकनाला नेमकं हेच हवं असतं: काय समजत होतं, काय नव्हतं, परिस्थिती कोणती. कादंबरीला त्यासाठी काही शे पानं लागतात. ३०० शब्दांत होण्यासारखं ते काम नाही.

बापाची ऐपत

मग आपल्या गोष्टींतला मुलगा मोठा कधी होतो? पाश्चात्त्य गोष्टींत बऱ्याचदा पहिलं प्रेम, पहिला मृत्यू, घर सोडणं. आपल्याकडेही ते आहे. पण मला वाटतं मराठीतला खरा क्षण वेगळा आहे. बापाची ऐपत कळते तो. ऐपत म्हणजे नुसते पैसे नव्हेत. चारचौघांत बापाचा शब्द किती चालतो, कुणापुढे त्याची मान खाली जाते, हेही त्यात आलं. श्यामच्या घरावरचं कर्ज आणि दाराशी आलेला सावकाराचा माणूस. आनंद यादवांच्या 'झोंबी'तला (१९८७) शाळेसाठी तळमळणारा मुलगा आणि शेतावर राबायला त्याचेच हात हवे असलेला बाप. जब्याला डुकरं पकडावी लागतात, आणि बघायला शाळेतली मुलं उभी असतात. तिथे ऐपतीचं दुसरं नाव जात आहे.

माझं हाफ तिकीट असंच संपलं. एसटीत पाच ते बारा वर्षांना अर्धं तिकीट. मी तेरावं ओलांडलं होतं, पण अंगाने किरकोळ. बाबा कंडक्टरला शांतपणे म्हणाले, "एक फुल, एक हाफ." कंडक्टरने पत्र्याच्या पेटीवर पंच टिकटिकवत माझ्याकडे पाहिलं. "कितवीत रे बाळ?" नवी फुल पँट घातलेला मी छाती काढून म्हणालो, "आठवीत."

मागच्या बाकावरचं कुणीतरी हसलं. बाबांनी आतल्या खिशातून घडी केलेली नोट काढली आणि फरक दिला. मला काही बोलले नाहीत. नेहमी मधल्या स्टँडवर गाडी थांबली की आम्ही उतरून भजी-चहा घ्यायचो. त्या दिवशी गाडी थांबली तेव्हा ते खिडकीबाहेर बघत बसले आणि मीही उतरूया म्हणालो नाही. बस सुटली. माझी पहिली मोठ्या माणसाची गोष्ट ही. भजी न मागणं.

सलूनमधल्या काकांना हे सांगायला हवं होतं. ज्या घरात मुलाला ऐपतीचा तळ कधी दिसतच नाही, तिथे हे घड्याळ चालू व्हायला उशीर होतो. त्या एका खटल्याबद्दल नव्हे, एकूणच म्हणतोय. आणि तळ फार लवकर दिसला तर पोर दहाव्या वर्षीच म्हातारं होतं. सिग्नलवर फुगे विकणाऱ्याला कुणी घोडा की बालक विचारत नाही.

"म्हणजे मेंदूचं निमित्त करून सगळं माफ?"

नाही. अपुरा एमसीबी बोर्ड हे आग का लागली याचं उत्तर आहे, आग लागलीच नाही असा त्याचा अर्थ नाही. सोळा-अठरातला मुलगा जघन्य गुन्ह्यात मूल्यांकनानंतर बाल न्यायालयात प्रौढासारखा उभा राहू शकतो. फक्त त्याला फाशी नाही, आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेप नाही. जो मेंदू अजून घडतोय तो सुधारूही शकतो, एवढा विश्वास त्यात आहे.

आणि कायदा किल्ली देणाऱ्याकडेही बघतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९९अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. पुन्हा पंचवीस!

"आणि मुलींचं काय?"

रास्त प्रश्न. मुलीला घड्याळं हीच, पण एकाच दिवशी सगळ्यांत चावी भरली जाते. 'वयात आली' हे वाक्य घरात तिच्याबद्दल ऐकू येतं, भावाबद्दल क्वचित. त्याला स्कूटर मिळते, तिला सातच्या आत घरात. म्हणून मुलग्यांच्या गोष्टी बाहेर पडण्याच्या असतात. 'शाळा'तली शिरोडकर, मुकुंदाला आवडलेली ती मुलगी, दुसऱ्या गावी जाते, आणि तिथे तिचं काय झालं हे आपल्याला कळत नाही, कारण गोष्ट मुकुंदाची आहे. लग्नाच्या कायद्याने तिला अठराव्या वर्षी मोठं मानलं आणि त्याला एकविसाव्या. ती लवकर शहाणी होते म्हणून असं सांगतात. मग १९८६ च्या कायद्याने गुन्ह्यासाठी त्यालाच दोन वर्षं आधी मोठं का मानलं होतं, हे विचारलं की विषय बदलतो.

मुंजाबाच्या बोळातली पोरं

जेफ्री आर्नेट या मानसशास्त्रज्ञाने २००० मध्ये अठरा ते पंचवीस या वयाला वेगळं नाव द्यायला हवं असं सुचवलं, मूलही नाही आणि प्रौढही नाही अशी अवस्था म्हणून. त्याला सदाशिव-नारायण पेठेत एक चक्कर मारायला लावायला हवी होती. कॉट बेसिसवरच्या खोल्या, अभ्यासिका, मेसच्या पाट्या. एमपीएससीची तयारी करणारे हे सगळे. खुल्या प्रवर्गाला वयाची अट ३८ पर्यंत, त्यामुळे एकोणतिसाव्या वर्षीही घरमालक भाडेकरूंबद्दल सांगतात, "पोरं शांत आहेत हो." पोरांची लग्नं अडलीत, कुणाचे केस मागे सरकलेत. सोडमुंज निकालाच्या यादीत आहे आणि यादी लागत नाही.

माझ्या ओळखीचा एकजण मराठवाड्यातून आलेला आहे, सहावं वर्ष. वडील दर महिन्याला पैसे पाठवतात, कापसाच्या भावावर कमी-जास्त. दोन वर्षांपासून तो रात्री एका कुरिअरच्या गोदामात पार्सलं लावतो. घरी माहीत नाही. परवा वडिलांचा फोन आला तेव्हा मी शेजारी होतो. मेसचे पैसे किती झाले, असं त्यांनी विचारलं असावं. दोन वेळचे चार हजार होतात, तो म्हणाला, "अडीच."